ओळखीच्या घोटाळ्यावरचे विनोदी वेस्टर्न : ‘अलाँग केम जोन्स’ आणि त्याची भावंडं

रीळबदल

आधी इशारा : या धाग्यात शेवटासकट सगळं येणार आहे. ज्यांना सिनेमा कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी इथेच थांबावं.

‘अलाँग केम जोन्स’, १९४५. दिग्दर्शक स्टुअर्ट हाइस्लर, पटकथा ननली जॉन्सन यांची, मूळ कादंबरी अ‍ॅलन ले मे यांची ‘यूसलेस काउबॉय’. निर्माता खुद्द गॅरी कूपर. हे ले मे म्हणजे पुढे ‘द सर्चर्स’ लिहिणारे तेच, ज्यावर जॉन फोर्डने १९५६ साली सिनेमा केला. आणि जॉन्सन म्हणजे ‘द ग्रेप्स ऑफ राथ’चे पटकथाकार. दोघंही गंभीर कामासाठी ओळखले जाणारे, म्हणून या हलक्याफुलक्या सिनेमाची बांधणी इतकी पक्की आहे असं मला वाटतं.

कथा थोडक्यात : मेलडी जोन्स (कूपर) हा गाणी गुणगुणत हिंडणारा साधासुधा गुराखी. सोबत जॉर्ज फ्युरी (विल्यम डेमारेस्ट) हा तिरसट सोबती. रस्ता चुकून दोघं पेनव्हिल गावात येतात. त्याच सुमारास मॉन्टी जॅरॅड (डॅन ड्युरीया) नावाच्या दरोडेखोराने घोडागाडी लुटलेली आहे आणि जखमी होऊन तो आपल्या बालमैत्रिणीकडे, चेरीकडे (लोरेटा यंग) लपलाय. गावात त्याच्या वर्णनाचं पत्रक लागलंय. मेलडीचा बांधा त्या वर्णनात बसतो, बरोबर एक जोडीदार आहे, आणि खोगिरावर आद्याक्षरं आहेत ‘एम. जे.’ गावाला एवढं पुरतं.

माझा मुद्दा असा की हा घोटाळा दिसण्यातल्या साम्यावर टिकत नाही. कूपर आणि ड्युरीया यांचे चेहरे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. घोटाळा सुरू होतो पत्रकामुळे, पण टिकतो चेरीमुळे. मॉन्टीला पळायला वेळ हवा, म्हणून गावाने मेलडीलाच मॉन्टी समजत राहणं तिच्या सोयीचं आहे. ती त्याला जिवावरच्या प्रसंगातून सोडवते आणि मुद्दाम अशा दिशेला धाडते की शेरीफचे लोक त्याच्या मागे जावेत. जुळ्या भावांच्या नाटकात घोटाळा योगायोगावर चालतो आणि लेखकाला दर दहा मिनिटांनी नवा योगायोग शोधावा लागतो. इथे घोटाळ्याला एक मालक आहे. त्याला रोज खतपाणी घालणारं माणूस कथेतच बसलंय, त्यामुळे पुढची घडामोड आपोआप सुचत जाते.

या जातीचे इतर सिनेमे ‘घोटाळ्याला मालक आहे का’ याच कसोटीवर लावून बघू या. ‘द पेलफेस’ (१९४८) आणि ‘सपोर्ट युवर लोकल गनफायटर’ (१९७१) हे तर हवेतच.

रिकीब

धागा आवडला. खोगिरावरच्या आद्याक्षरांबद्दल लिहितो, कारण अनेकांना तो पुरावा तकलादू वाटतो. तो तसा नाही.

कुरणावर काम करणाऱ्या गुराख्याचा घोडा बहुधा त्याचा स्वतःचा नसायचा. मालकाच्या कळपातले सात-आठ घोडे त्याला कामापुरते नेमून दिलेले असत, दिवसातून दोन-तीनदा घोडा बदलला जाई. खोगीर मात्र त्याचं स्वतःचं. महिन्याचा पगार तीसेक डॉलर, आणि बऱ्यापैकी खोगिराला तेवढे किंवा त्याहून जास्त पडत. वजन पंधरा-वीस किलो. नोकरी सोडली की माणूस घोडा ठेवून खोगीर उचलायचा. म्हणजे ‘हा कोण’ हे घोड्यावरून कळत नाही, खोगिरावरून कळतं.

दुसरं, ही अक्षरं पुसता येत नाहीत. कातडं आधी ओलं करून थोडं सुकू देतात, ओलसर असतानाच फिरत्या पात्याच्या सुरीने रेघ कापतात, मग रेघेच्या कडेला ठसा ठोकून बाजूचं कातडं खाली दाबतात म्हणजे अक्षर वर उठतं. कातडं फार ओलं असेल तर ठसा बसत नाही, उमटलेली रेघ परत फुगून येते; फार कोरडं असेल तर सुरी अडकते आणि कड फाटते. नीट जमलेलं अक्षर मात्र खोगिराबरोबरच मरतं. उलट घोड्याच्या किंवा गुराच्या अंगावरचा मालकीचा डाग तापलेल्या सळईने बदलता येई, आणि चोर तो सर्रास बदलत. गावकऱ्यांनी डागापेक्षा खोगिरावर विश्वास ठेवणं अगदी शहाणपणाचं आहे.

पत्रकावर फोटो नसणं हेही खरं. त्या काळी वेल्स फार्गोसारख्या, घोडागाडीने पैसा-सामान पोचवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरनाम्यात बहुतेकदा नुसतं वर्णन असे : उंची, बांधा, केस, डोळे, एखादा व्रण. अशा वर्णनात शंभर माणसं बसतील. म्हणून तपास शेवटी एखाद्या खुणेवर यायचा. खरा दाखला हवा तर ब्लॅक बार्टचा घ्या. कॅलिफोर्नियात घोडागाड्या लुटणारा हा माणूस चेहऱ्यावर पिशवी घालायचा, त्याला कोणी पाहिलेलंच नव्हतं. १८८३च्या नोव्हेंबरात त्याचा एक रुमाल मागे राहिला. त्यावर धोब्याची खूण होती ‘एफ. एक्स. ओ. ७’. वेल्स फार्गोचे जेम्स ह्यूम आणि त्यांनी नेमलेले हॅरी मोर्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या लाँड्र्या धुंडाळल्या, सुमारे ९० लाँड्र्या पालथ्या घातल्यावर गिऱ्हाईक सापडलं : चार्ल्स बोल्स, शहरातला सभ्य गृहस्थ. एका खुणेवर माणूस ओळखला गेला आणि बरोबर ओळखला गेला. ‘जोन्स’मध्ये हीच पद्धत वापरून गाव चुकतं. दोन माणसांची आद्याक्षरं एक असू शकतात, धोब्याची खूण तशी नसते.

नाटकवेडी

मराठी वाचकाला या सगळ्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे पुलंचं ‘अंमलदार’ (१९५२), गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चं रूपांतर. तिथेही परक्या गावात आलेला एक फुकटा माणूस, आणि गाव त्याला भलताच कोणी समजून बसलेलं.

पण रीळबदल, तुमच्या कसोटीला एक पाय जोडावा लागेल. गोगोलच्या गावात चूक होते कारण गावाच्या पोटात पाप आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने काही ना काही खाल्लेलं आहे, म्हणून कोणीही अनोळखी माणूस त्यांना तपासनीसच दिसणार. पुरावा शोधायची गरजच पडत नाही. पेनव्हिलला असं पाप नाही, नुसती भीती आहे. म्हणून तिथे खोगीर लागतं, पत्रक लागतं. नाटक लिहिणाऱ्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं : पात्रांना लपवण्यासारखं काही असेल तर पुरावा कमी चालतो, ती निर्दोष असतील तर पुरावा भक्कम द्यावा लागतो, नाहीतर प्रेक्षकाला गाव मूर्ख वाटतं. आणि गाव मूर्ख वाटलं की त्याची भीती खोटी पडते, मग नायकावरचं संकटही खोटं पडतं.

आणखी एक फरक. पुलंच्या आणि गोगोलच्या नायकाला चूक कळते आणि तो तिच्यावर पोळी भाजून घेतो. मेलडीला बराच वेळ काही कळत नाही. लोक वाट सोडतात, आवाज खाली आणतात, आणि हा बिचारा खुलत जातो. त्याला तो मान आवडतो. कूपरच्या चेहऱ्यावर तो आनंद हळूहळू पसरतो, चाल बदलते, खांदे रुंदावतात. संवाद जवळजवळ नाहीतच. हा भाग मला सबंध सिनेमात सगळ्यात उत्तम वाटतो.

रीळबदल

नाटकवेडी, मान्य. ‘पुरावा किती’ ही कसोटी जोडूच.

कूपरच्या चालीवरून आठवलं. १९२९च्या ‘द व्हर्जिनियन’पासून कूपर म्हणजे कमी बोलणारा, नेम न चुकणारा वीर हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. म्हणजे मेलडीला मॉन्टी समजणारं गाव आणि मेलडीला ‘गॅरी कूपर’ समजणारा प्रेक्षक यांची चूक एकाच जातीची. तो पिस्तुलाला हात घालतो तेव्हा आपणही श्वास रोखतो, आणि काहीच धड होत नाही. हीच भूमिका एखाद्या विनोदी नटाला दिली असती तर अर्धी गंमत गेली असती.

खटका

पिस्तुलाबद्दल. मेलडीला ते चालवता येत नाही हे नुसतं विनोदासाठी रचलेलं वाटू नये म्हणून थोडं यंत्राबद्दल.

या सिनेमांत कमरेला दिसतं ते बहुतेकदा १८७३चं कोल्ट, सिंगल अ‍ॅक्शन. म्हणजे चाप ओढून फक्त घोडा (गोळीच्या पाठीवर आपटणारी हातोडी) पडतो. घोडा मागे ओढायचं काम दर गोळीला अंगठ्याने करावं लागतं. नेहमीच्या मापांतली सर्वांत लांब नळी साडेसात इंची, वजन सुमारे एक किलो. लांब नळीचं पिस्तूल म्यानातून पूर्ण बाहेर येण्याआधीच नवखा माणूस पुढे रोखायला जातो, टोक म्यानात अडकतं आणि मूठ हातातून निसटते. दुसरी चूक जास्त धोक्याची : पिस्तूल वर येताना अंगठ्याने घोडा ओढणं आणि बोट चापावर असणं एकाच वेळी झालं तर गोळी म्यानातच सुटते, स्वतःच्या मांडीत किंवा पायात.

भरायची रीत अशी. घोडा अर्ध्यावर ओढायचा, म्हणजे चक्र मोकळं फिरतं. उजव्या बाजूची छोटी झडप उघडायची. एक गोळी भरायची, एक घर सोडायचं, मग चार भरायच्या. झडप लावून घोडा पूर्ण मागे ओढायचा आणि धरून हळूच खाली सोडायचा. रिकामं घर बरोबर घोड्याखाली येतं. सहा घरांत पाचच गोळ्या ठेवायचं कारण असं की घोड्याचं टोक थेट गोळीच्या पाठीवर टेकलेलं असतं. पिस्तूल पडलं, रिकीब घोड्यावर आपटली की बार उडतो. (आयडी रिकीब नव्हे, खोगिराची रिकीब.) रोजचा गुराखी हे पिस्तूल साप मारायला, बिथरलेल्या गुरांना वळवायला वापरायचा. झटकन उपसून नेम साधणं हा वेगळाच सराव आहे. त्यामुळे मेलडी हा अपवाद नाही, नियम आहे. सराईत मॉन्टीच अपवाद.

पडद्यावर बंदूक आणि पिस्तूल दोन्हींत एकच खोटं काडतूस चालावं म्हणून हॉलिवूडमध्ये ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं काडतूस वापरत. ३८-४० आणि ४४-४० या मापांच्या रायफली आणि पिस्तुलं, शिवाय ४५ कोल्ट पिस्तूल, अशा पाच हत्यारांना ते चालायचं. सामान सांभाळणाऱ्याची डोकेदुखी संपली. पण त्यामुळेच १८७०च्या दशकातली कथा असली तरी हातात १८९२ची विंचेस्टर दिसते. तिला ते काडतूस चालायचं.

सांजसावली

आता ‘द पेलफेस’. दिग्दर्शक नॉर्मन मॅक्लाउड, लेखक एडमंड हार्टमन आणि फ्रँक टॅशलिन, पॅरामाउंट, टेक्निकलर म्हणजे रंगीत. बॉब होप झालाय ‘पेनलेस’ पीटर पॉटर, दात काढणारा. जेन रसेल झालीय कॅलॅमिटी जेन. तुरुंगातल्या जेनला सरकार सांगतं : शस्त्रं चोरून कोण पुरवतंय ते शोध, गुन्हे माफ. तिचा ठरलेला जोडीदार मारला जातो, म्हणून ती आडोशाला पॉटरशी लग्न लावते आणि गाड्यांच्या तांड्याबरोबर निघते. हल्ला होतो, गोळ्या जेन घालते, नाव पॉटरचं होतं.

रीळबदलच्या कसोटीवर हा सिनेमा ‘जोन्स’पेक्षाही घट्ट बसतो. घोटाळ्याची मालकीण जेन. पॉटरला लोक वीर समजले, शत्रू त्यालाच सरकारी माणूस समजले, तर ती सुरक्षित. फरक एवढाच की पॉटरला कोणी दुसऱ्या माणसाच्या नावाने ओळखत नाही. नाव त्याचंच, कर्तृत्व दुसऱ्याचं. आणि तो स्वतःच त्यावर सगळ्यात आधी विश्वास ठेवतो. मेलडीला निदान आपण नेमबाज नाही हे पक्कं ठाऊक आहे; पॉटर छाती काढून चालायला लागतो, भांडण ओढवून घेतो आणि द्वंद्वाला उभा राहतो.

त्या द्वंद्वाआधीचा सल्ल्यांचा प्रसंग लेखनाच्या दृष्टीने उलगडून बघावा. तिघं जण येऊन तीन सल्ले देतात. तो डावीकडून उपसतो, म्हणून उजवीकडे झुक. वारा पूर्वेचा आहे, म्हणून नेम पश्चिमेला धर. तो वाकून गोळी घालतो, म्हणून तू चवड्यांवर उभा राहा. तीन कारणं, तीन उपाय. पॉटर पाठ करायला जातो आणि जोड्या बदलतात. तीन कारणांना तीन उपाय लावायचे एकूण सहा प्रकार. एक बरोबर, तीनांत एकच जोडी बरोबर राहते, आणि फक्त दोन असे की तिन्ही जोड्या चुकतात. तिन्ही चुकलेलंच हवं, कारण एक जोडी बरोबर राहिली की प्रेक्षक तिला चिकटतो आणि हसू अडतं. पुढच्या फेरीत तर वाक्यांचे तुकडेच फुटतात, कारण उपायात शिरतं. सल्ले चार असते तर प्रेक्षकाच्या लक्षात राहिले नसते आणि चूक चूक म्हणून कळलीच नसती. दोन असते तर एका अदलाबदलीत खेळ संपला असता. तीन हेच माप. आणि मूळ तीन वाक्यं अगदी सपाट, गंभीरपणे म्हटली जातात. तिथे कोणी हसवायला गेलं असतं तर पुढचं सगळं कोसळलं असतं.

खटका

सांजसावली, जोड म्हणून एक गोष्ट. ‘गोळी एकाची, श्रेय दुसऱ्याचं’ हे दृश्य जमतं ते तालावर. पॉटरचा बार, जेनचा बार आणि माणूस पडणं या तीन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ हव्यात की पॉटरला एकच बार वाटावा, आणि इतक्या लांब हव्यात की आपल्याला दोन दिसावेत. म्हणून संकलनात जेनचा शॉट मध्ये घालतात : तो चाप ओढतो, ती चाप ओढते, माणूस पडतो. एकाच चौकटीत दोघं दाखवली तर पॉटर बहिरा वाटेल. जेन दाखवलीच नाही तर तो चमत्कार वाटेल, विनोद होणार नाही.

रिकीब

या सिनेमाचं कौतुक करताना एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. त्या हल्ल्यात मूळनिवासी माणसं निशाण्यावरच्या पत्र्यांसारखी पडतात. पडलेल्यांचा ढीग हाच विनोद आहे. १९४८च्या प्रेक्षकाला ते खटकलं नसेल, आज ते बघवत नाही आणि बघवू नये. ‘जोन्स’मध्ये हा भाग नाही, म्हणून तो आजही कुणालाही निर्धास्त दाखवता येतो.

आणि याच सिनेमात ओळखीचा एक खराखुरा घोटाळा आहे. टोळीचा प्रमुख झालेला आयर्न आइज कोडी हा नट आयुष्यभर मूळनिवासी म्हणून वावरला, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही. १९९६ साली न्यू ऑर्लीन्सच्या वर्तमानपत्राने छापलं की तो लुइझियानात जन्मलेला, सिसिलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, मूळ नाव एस्पेरा दे कोर्ती. त्याने ते शेवटपर्यंत नाकारलं. सिनेमात त्याच्यासोबत चीफ यौलाची आहेत, ते मात्र खरोखर याकिमा जमातीचे. पडद्यावर दोघं शेजारी उभे असतात आणि प्रेक्षकाला फरक कळत नाही, कारण प्रेक्षकाकडेही फक्त पत्रकावरचं वर्णनच असतं.

आडवाटेचा

‘सपोर्ट युवर लोकल गनफायटर’ मी घेतो. बर्ट केनेडी दिग्दर्शक, जेम्स गार्नर नायक. १९६९च्या ‘सपोर्ट युवर लोकल शेरीफ’चा हा पुढचा भाग नव्हे, दिग्दर्शक आणि बरेच नट तेच, पात्रं आणि गाव वेगळं. हे आधी सांगतो कारण अनेक जण पहिला न बघता हा बघायचं टाळतात.

लॅटिगो स्मिथ हा लग्नातून सुटण्यासाठी आगगाडीतून गुपचूप उतरून परगेटरी नावाच्या खाणींच्या गावात येतो. दोन खाणमालकांचं भांडण चाललंय, आणि स्विफ्टी मॉर्गन नावाचा भाडोत्री बंदूकबाज येणार अशी सगळ्यांची अटकळ. लॅटिगोलाच स्विफ्टी समजलं जातं. इथे घोटाळ्याचा मालक स्वतः नायक. पण तो थेट ‘मीच तो’ म्हणत नाही. जॅक एलम या डोळ्यांनीच काम करणाऱ्या नटाने केलेला जग मे हा रिकामटेकडा माणूस तो स्विफ्टी म्हणून पुढे करतो आणि आपण त्याचा व्यवस्थापक होतो. जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात, पैसा आपल्या खिशात. ठकाचा धंदा असाच चालतो, त्यामुळे ही युक्ती पटते.

मात्र हा सिनेमा मधेच सैल पडतो. लॅटिगोचं जुगाराचं वेड, छातीवर गोंदलेलं नाव काढून घ्यायची धडपड, खाणीतले सुरुंग, पेशन्स बार्टनचं (सुझान प्लेशेट) शिक्षणासाठी पूर्वेला जायचं स्वप्न, एवढ्या दोऱ्या एकदम हातात धरलेल्या आहेत. खरा स्विफ्टी (चक कॉनर्स) फार उशिरा येतो. ‘जोन्स’मध्ये खरा दरोडेखोर आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असतो आणि तो हाकेच्या अंतरावर लपलाय ही धास्ती सतत राहते. इथे ती नाही, म्हणून ताण कमी आणि नटांच्या करामतीवर भार जास्त. एलमसाठी मात्र बघावाच.

उपशीर्षक

दोन तांत्रिक प्रश्न नेहमी येतात म्हणून लिहून ठेवतो.

एक, सबटायटल मागेपुढे होणं. ‘जोन्स’ नव्वद मिनिटांचा. पण पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो सेकंदाला २५ चौकटींनी पळतो आणि ८६ मिनिटांच्या आसपास संपतो. सबटायटलची फाइल २३.९७६ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली असेल तर सुरुवातीला बरोबर वाटते आणि शेवटी साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडते. दुरुस्ती करण्याआधी दोन जागा तपासा, पहिला संवाद आणि शेवटचा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर नुसतं सरकवायचं : व्हीएलसी या प्लेयरमध्ये ‘जी’ दाबलं की सबटायटल आधी येतं, ‘एच’ दाबलं की उशिरा. फरक वाढत गेला असेल तर सरकवून काही होणार नाही; पाच मिनिटांनी परत चुकेल. तिथे फाइलचा वेगच २३.९७६ वरून २५ वर बदलून घ्यायचा. कूपर पुटपुटतो, त्यामुळे या सिनेमाला सबटायटल हवंच.

दोन, चौकट. ‘जोन्स’ आणि ‘पेलफेस’ दोन्ही १.३७ ला १ या जुन्या मापाचे, जवळजवळ चौकोनी. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ते येऊ द्या. ‘झूम’ लावलं तर वरून हॅट कापली जाते आणि खालून हात-कंबर. द्वंद्वाच्या प्रसंगात नेमकी कंबरच बघायची असते. ताणून बसवलं तर कूपरचा सडपातळ बांधा जातो, आणि मग पत्रकातलं वर्णनच जुळत नाही.

मधलीआळी

माहितीपूर्ण धागा. पण ‘जोन्स’मधली घोड्यावरची दृश्यं फारच नकली दिसतात. सारखं वाटतं की मागे पडदा आहे.

रीळबदल

आहेच पडदा. अर्धपारदर्शक पडद्यामागून आधी टिपलेलं माळरान फेकायचं आणि पुढे नट खोगिरावर हलवायचा. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या मोटारी एकमेकींना जखडलेल्या असाव्या लागतात, म्हणजे दोन्हींची झडप एकाच क्षणी उघडते. नाहीतर मागचं चित्र लुकलुकतं. नटावरचा दिवा पडद्यावर सांडला की माळरान फिकट होतं, म्हणून नट पडद्यापासून लांब उभा करावा लागतो. लांब उभा केला की मागचं दुसऱ्यांदा टिपलेलं चित्र पुढच्यापेक्षा मऊ आणि रवाळ दिसतं. मध्यभाग उजळ आणि कडा काळपट हीही नेहमीची अडचण. आणि धूळ. घोडा दौडतोय आणि नटाच्या तोंडासमोरून कणभर धूळ जात नाही, तिथेच डोळा पकडतो.

पॅरामाउंटमध्ये फार्सिओ एडुआर्टच्या विभागाने एकाच दृश्याच्या तीन प्रती तीन प्रोजेक्टरांतून एकमेकींवर बरोब्बर बसवून फेकायची सोय केली होती. उजेड वाढायचा आणि रवे झाकले जायचे. टेक्निकलरला उजेड जास्त लागतो, म्हणून त्यांना ते करणं भागच होतं. ‘जोन्स’चं मोठं नुकसान झालंय ते या पडद्यामुळे. मेलडी आणि जॉर्जच्या गप्पा हा सिनेमाचा गाभा, आणि त्यातल्या बऱ्याच खोलीत बसून टिपलेल्या दिसतात.

मधलीआळी

धन्यवाद. मग शेवटाबद्दलही विचारतो. चकमकीत मॉन्टीला नायक मारत नाही, चेरी मारते. कूपरच्या सिनेमात नायकाने काहीच न करणं हे पचत नाही. शेवटच्या तिसऱ्या भागात सिनेमा लटका पडला असं माझं मत.

नाटकवेडी

शेवटचा भाग लांबलाय हे खरं. पण मॉन्टीला चेरीनेच मारायला हवं. मेलडी अचानक नेमबाज निघाला असता तर गाव बरोबर होतं आणि नव्वद मिनिटं आपण खोटं बघितलं असा अर्थ निघाला असता. त्याची मर्दुमकी वेगळ्या जागी आहे. आपल्याला वापरलं गेलंय हे कळल्यावरही तो पळून न जाता पेनव्हिलला परत येतो, आणि पिस्तूल चालवता येत नसताना मॉन्टीसमोर उभा राहतो.

चेरीकडून बघा. घोटाळा तिने पोसला. ज्याला वाचवण्यासाठी पोसला तो माणूस तेवढ्या लायकीचा नाही हे तिला उशिरा उमगलं. हिशेब तिचा आहे, म्हणून गोळीही तिची. मेलडीने मारला असता तर ती शेवटपर्यंत बक्षिसाची बाहुली राहिली असती. नेम तिचा चांगला आहे हे सिनेमा आधी दाखवून ठेवतो, त्यामुळे शेवटी ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

सांजसावली

‘पेलफेस’मध्ये हेच दुसऱ्या टोकाने आहे. जेन शेवटपर्यंत पॉटरपेक्षा वरचढच राहते. लग्नाच्या रात्री तो चुंबन घेतो तेव्हा ती मागून पिस्तुलाचा दस्ता त्याच्या डोक्यात घालते आणि त्याला वाटतं चुंबनाचीच झिंग. अगदी शेवटी गाडी हाकायला लगाम तिच्या हातात असतात, घोडे सुटतात आणि तिलाच ओढून घेऊन जातात. पॉटर गाडीवर एकटा, प्रेक्षकाकडे वळून विचारतो की तुम्हाला काय गोड शेवट हवा होता? हाच प्रकार सिनेमात आधी पॉटरच्या बाबतीत झालेला असतो, म्हणून तिच्या बाबतीत झाल्यावर फुटून हसू येतं.

याच कथेवर १९६८ साली डॉन नॉट्सला घेऊन ‘द शेकिएस्ट गन इन द वेस्ट’ केला. नॉट्स पहिल्या चौकटीपासून थरथरतो. होपचा पॉटर भित्रा असूनही फुशारक्या मारतो, त्यामुळे लोकांनी त्याला वीर समजणं थोडं तरी पटतं. नॉट्सला वीर समजायला गावाने डोळेच मिटून घ्यायला हवेत. नाटकवेडींनी वर लिहिलेली पुराव्याची अट तिथे मोडते, आणि नेमका तिथूनच तो सिनेमा ढिला व्हायला लागतो.